विकत आणलेलं टाकाऊ

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका शाळेच्या 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शनाचे फोटो आले होते. बाटल्यांचं रॉकेट, चमच्यांचं कमळ, थर्माकोलचा किल्ला. मुलं गोड दिसत होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बाटल्यांवर एक ओरखडा नव्हता आणि चमचे सगळे एका मापाचे, एका रंगाचे होते. ज्या घरात चाळीस वर्षं भंगाराचं पोतं आलं, त्या घरातल्या माणसाला वापरलेली वस्तू कुठली आणि कालच दुकानातून आणलेली कुठली, हे फोटोवरूनही कळतं. म्हणून हे पत्र.

मी पुण्यातल्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. नोकरीचं पंचविसावं वर्ष चालू आहे. आई कचरावेचक. १९७२ च्या दुष्काळात मला काखोटीला मारून आईवडील उस्मानाबादकडून, म्हणजे आताच्या धाराशिवकडून, इथं आले. हाताला दुसरं काम लागेना तेव्हा आईनं पोतं उचललं. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यात ती सभासद झाली. पुढं २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला, तेव्हा कुंड्या सोडून ती ढकलगाडी घेऊन दारोदार जायला लागली. आता ७४ वर्षांची आहे, घरीच असते. मीसुद्धा सातवीपर्यंत शाळेच्या आधी तिच्याबरोबर जायचे. हे सांगायला पूर्वी लाज वाटायची. आता वाटत नाही.

तर पेंग्विनची गोष्ट. माझा नातू, मुलीचा मुलगा, सिनियर केजीत आहे. त्याच्या शाळेचा निरोप मोबाइलवर आला: उद्या दोन रिकाम्या बाटल्या, थर्माकोल, कापूस आणि ग्लिटर पाठवणे, 'टाकाऊतून टिकाऊ' आहे. मुलीच्या घरी बाटलीचं पाणी कुणी पीत नाही. मग रात्री नऊ वाजता जावई दोन थंड पेयांच्या बाटल्या घेऊन आले. एक सगळ्यांनी मिळून प्यायली. दुसरी मोरीत ओतली, कारण घरात सगळ्यांनाच सर्दी. स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचे गोळे, ग्लिटरची ट्यूब आणि चिकटवायचे हलते डोळे आले. एकशे ऐंशी रुपये झाले. नातू साडेनऊला झोपला. पेंग्विन त्याच्या आईनं अकरा वाजेपर्यंत बसून केला, आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

प्रदर्शन संपल्यावर तो पेंग्विन आमच्याकडे आला. आईनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. नखानं एक थर्माकोलचा गोळा उपटून पाहिला, तर त्याच्याबरोबर काळ्या रंगाचा पापुद्रा आला आणि फेव्हिकॉलची तार ओढली गेली. बोटांना ग्लिटर लागलं ते पदराला पुसलं, तर पदर चमकायला लागला. मग म्हणाली, "बाटली व्हती तवा किलोच्या भावानं गेली असती. ह्याला आता कोण घेतंय? गोंद लागला का माल मेला."

माझं सगळं म्हणणं आईच्या या शेवटच्या वाक्यात आलं. भंगाराच्या दुकानात बाटलीला किंमत असते ती ती एकाच जातीची आणि कोरडी असते म्हणून. तिला कापूस, थर्माकोल, रंग आणि गोंद लावला की ती धड बाटली राहत नाही आणि धड थर्माकोलही राहत नाही. दुकानदार ती बाजूला फेकतो. म्हणजे आपण मुलांना वस्तू पुन्हा वापरात आणायला शिकवतो म्हणतो, आणि प्रत्यक्षात चांगला माल कचऱ्यात घालायला शिकवतो. त्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. मखरावरून ओरडणाऱ्या शाळा किल्ल्याला बक्षीस देतात, याची गंमत वाटते.

नुसती तक्रार करून थांबत नाही. आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं असतात, खोली दहा बाय बाराची, समोर थोडी फरशी. तिथं आम्ही काय खेळतो ते लिहिते. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, ती शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. आमच्या वस्तीत शिंपले नाहीत. झाकणं, पुठ्ठे आणि दुधाच्या पिशव्या मात्र पाहिजे तेवढ्या.

पहिला खेळ सगळ्यांना येतो, तळ्यात-मळ्यात. आम्ही त्याचं ओल्यात-सुक्यात केलं. खडूनं दोन गोल काढायचे. मी काही म्हणत नाही, फक्त वस्तू वर धरते. केळ्याचं साल, सगळी ओल्यात उडी. पुठ्ठा, सगळी सुक्यात. इथपर्यंत सोपं. मग मी नारळाची करवंटी काढते आणि भांडणं सुरू होतात. वडापावचा तेलकट कागद दाखवला त्या दिवशी तर निम्मी मुलं एक पाय ओल्यात, एक पाय सुक्यात ठेवून उभी राहिली. "ताई, कागद सुका हाय पण तेल ओलं हाय." मोठ्या माणसांना विचारून बघा, याचं उत्तर किती जण देतात. (आम्ही तेलकट कागद ओल्यात टाकतो. मातीत कुजतो, रद्दीत मात्र बाकीचे कागद खराब करतो.)

यात तिसरी एक जागा आहे, गोलाच्या बाहेर. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, अशी 'स्वच्छ'ची मोहीम आहे. मी खरा डायपर अर्थातच आणत नाही. कोऱ्या कागदाची गुंडाळी, वर लाल खडूचा ठिपका. ती दिसली की दोन्ही गोल सोडून मुलं भिंतीला हात लावायला पळतात आणि "लाल ठिपका!" म्हणून ओरडतात. हे त्यांना इतकं आवडतं की गुंडाळी रोज काढावी लागते. आईनं आयुष्यभर उघडे पॅड हातानं वेगळे केले. ती दारात बसून हा खेळ बघते तेव्हा हसते का आणखी काही, ते मला नीट कळत नाही.

दुसरा खेळ बादलीचा, आणि माझा लाडका. नाव 'बुडणार का तरणार'. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा मी घरी कापून, कडा गुळगुळीत करून आणते. बरोबर त्याच बाटलीचं झाकण. मुलं आधी सांगतात काय होणार, मग टाकतात. बाटलीचा तुकडा बोटानं जरा दाबला की सरळ तळाशी जातो आणि झाकण वर तरंगत राहतं. दोन्ही प्लॅस्टिकच, पण जात वेगळी. कारखान्यातसुद्धा बाटल्यांचा चुरा पाण्याच्या हौदात टाकून झाकणांचा चुरा वरच्यावर काढून घेतात, म्हणजे आमची बादली हा लहानसा कारखानाच झाला. एकदा एका साडेचार वर्षांच्या पोरीनं विचारलं, "मंग नदीत बाटल्या वरती का असत्यात?" मुठेच्या पुलाखालच्या बाटल्या ती रोज बघते. मला पटकन सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक झाकण लावलेली रिकामी बाटली आणि एक पाण्यानं काठोकाठ भरलेली अशा दोन्ही बादलीत सोडल्या. भरलेली खाली गेली. पोरगी म्हणाली, "हवा!" आणि रिकामीचं झाकण उघडून तिला हातानं पाण्याखाली दाबून धरलं, बुडबुडे संपेपर्यंत. तोंडातून एक शब्द नाही. मीही गप्प बसले.

मुठीचा खेळ आईनं शिकवला. चॉकलेटची चांदी मुठीत चुरगाळली की तशीच गोळा होऊन राहते. वेफरचं पाकीट आतून तसंच चांदीसारखं चकाकतं, पण मूठ उघडली की हळूहळू उलगडतं. चांदी धातू आहे, पाकीट म्हणजे प्लॅस्टिकवर धातूचा नुसता हात फिरवलेला. डोळे बांधून, आंधळ्या कोशिंबिरीसारखा, हा खेळ आणखी रंगतो. फक्त कानानं आणि बोटांनी ओळखायचं. आईला पोत्यात हात घातला की न बघता कळायचं कुठला माल आहे. आमच्या पोरांना निम्मं तरी कळतं.

आणि मग दुकान-दुकान. इथं मी थोडी थांबणार आहे, कारण या खेळानं मलाच शिकवलं.

तराजू म्हणजे एक हँगर आणि दोन टोकांना दोऱ्यानं बांधलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या. वजनं म्हणजे खडे. एक भंगारवाला, बाकीचे माल घेऊन येणारे. पुठ्ठ्याला एक चिंचोका, बाटलीला दोन, धुतलेल्या दुधाच्या पिशवीला तीन. वेफरच्या पाकिटाला शून्य. पहिल्या दिवशी पाकिटावर रडारड झाली. "पाच रुपयाला आणलंय!" वस्तू विकत घेताना जी किंमत देतो ती रिकामी झाल्यावर उरत नाही, आणि दुधाच्या पिशवीसारख्या काही वस्तूंना मात्र उरते, हे भाषण देऊन सांगायला मला महिना लागला असता.

दुसऱ्याच आठवड्यात दुकानदार झालेल्या एका मुलीनं पुठ्ठ्याची वाटी उचलली, हळूच एक बोट खड्यांच्या वाटीवर ठेवलं आणि म्हणाली, "ओला हाय, कापावं लागंल." मी आणि आमच्या मदतनीस एकमेकींकडे बघतच राहिलो. काटा मारणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजीबरोबर दुकानात उभी राहून तिनं ते पाहिलं होतं. समोरचा मुलगाही काही कमी नव्हता. त्यानं पुठ्ठा तिच्या गालाला लावला. "बघ, वला हाय का?" भिजल्या कागदाला भाव मिळत नाही म्हणून तो कोरडा ठेवायचा, हे माझ्या त्या चार वर्षांच्या मुलांना पाठ आहे. शहरातल्या किती सुशिक्षित घरांत भाजीच्या देठांवर वर्तमानपत्र टाकलेलं असतं, ते आईला विचारा.

याच खेळात आणखी एक दिसलं. दुकानदार व्हायला सगळ्यांची रांग. पोतं घेऊन येणारा व्हायला कुणी तयार नाही. तेव्हा आता पोत्यावाल्याला पहिलं निवडू देतो, आणि बोट ठेवलं तर "काटा!" म्हणून ओरडायचा हक्क त्यालाच.

सगळं गोडगोड झालं असं नाही. एक आई चिडून आली होती. स्वतः कचरावेचक. म्हणाली, "ताई, पोरं यातून भायेर यावीत म्हणून तुमच्याकडं घालतो, आन् तुम्ही इथंबी कचराच निवडायला लावता?" मी वस्तू दाखवल्या, सगळ्या आमच्या घरच्या, साबणानं धुतलेल्या. काच नाही, पत्रा नाही, औषधाच्या बाटल्या नाहीत, खेळ झाल्यावर हात धुणं. तिचं समाधान झालं नाही. म्हणाली, "आमच्या पोरांना येतंच की हे. जे कचरा करत्यात त्यांच्या पोरांना शिकवा." तिनं मुलाला अंगणवाडीतून काढलं नाही, पण दुकान-दुकानच्या दिवशी तो येत नाही. मी तिला चूक म्हणू शकत नाही. मीही सातवीत असताना कुंडीपाशी वर्गातली मुलगी दिसली की पोत्यामागं लपायचे.

तिच्या बोलण्यावरून मी एक केलं. आई जिथं कचरा गोळा करायची त्या सोसायटीतल्या बायकांना विचारून एका रविवारी तिथल्या मुलांशी खेळले. पार्किंगमध्ये तीच बादली, तोच खडू. मुलं हुशार, चटपटीत. एकीनं तिच्या घरचा खेळ आणून दाखवला, चार रंगांचे छोटे डबे आणि चित्रांची पत्ती. परदेशी बनावटीचा, सुंदर. त्यात हिरवा डबा काचेचा, निळा कागदाचा, पिवळा प्लॅस्टिकचा. युरोपात बऱ्याच ठिकाणी तसंच असतं. आपल्याकडे हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा. पाच वर्षांची ती पोर अगदी बरोबर शिकली होती, आणि घरी फुटलेला ग्लास हिरव्यात टाकत होती. ओल्या कचऱ्यात काच आहे असं कुणाला वाटत नाही. त्यात हात घालणाऱ्या बाईला हातच कापल्यावर कळतं. आईच्या उजव्या तळव्यावर दोन व्रण आहेत, ते काही त्या मुलीमुळे नाहीत. पण मला तिथं ते आठवले.

म्हणून मुलांना खेळ आणताना पालकांनी रंग बघून आणावा, किंवा सरळ आणूच नये. डब्याच्या चित्रावर चित्राची पत्ती ठेवून रंग पाठ होतो. केचपच्या पुडीत थोडं केचप उरलेलं असतं तिचं काय करायचं, हे पत्ती सांगत नाही. ती पुडी हातात धरावी लागते, चिकट लागावी लागते.

शाळांना एकच विनंती. 'टाकाऊतून टिकाऊ' घ्यायचंच असेल तर दोन अटी घाला: काहीही विकत आणायचं नाही, आणि गोंद नाही. दोऱ्यानं बांधा, खाचेत खोवा, एकावर एक रचा. खेळून झालं की सगळं सुटं होऊन पोत्यात गेलं पाहिजे. आम्ही झाकणांच्या चकत्या खेळतो, पुठ्ठ्याची लगोरी रचतो आणि शनिवारी तो सगळा माल खऱ्या भंगारवाल्याला देतो. आलेल्या पैशांचे चणे-फुटाणे. मागच्या वेळी एकोणीस रुपये आले.

शाळा असं का करत नाहीत, तेही मला ठाऊक आहे. आम्हालाही उपक्रमाचे फोटो वर पाठवावे लागतात. बादलीत बुडलेल्या तुकड्याचा फोटो कुणाला आवडत नाही. पेंग्विनचा आवडतो. आपल्या छायाचित्रकारांनाही आवडतो, राग नसावा. पण आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर दर पंधरा दिवसांनी 'बाटलीपासून पेन स्टँड' येतं. माझ्या नातवाकडे चार पेन स्टँड आहेत, आणि त्याला अजून पेन वापरायची परवानगी नाही. त्या जागी एकदा 'बुडणार का तरणार' छापून बघा. साहित्य: बादली, पाणी, एक बाटली.

आणि एक खेळ घरी आजच करता येईल. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. आम्ही त्याला 'कान तोडायचा नाही' म्हणतो. सुटलेला कोपरा इतका बारीक की तो कुणी वेचत नाही, वेचला तरी काट्यावर त्याचं वजन होत नाही, आणि पावसाळ्यात गटारात जातो. आमच्या अंगणवाडीतली मुलं सकाळी ओट्यापाशी उभी राहून आईवर पहारा ठेवतात. दोन आयांनी माझ्याकडे तक्रार केली आहे की चहाला उशीर होतो.

कळावे,

एक अंगणवाडी सेविका, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. पेंग्विन आमच्या फ्रिजवर आहे. भंगारवाला घेत नाही आणि नातू टाकू देत नाही.